साहेबांच्या केबिनमधून शिपायाच्या स्टुलापर्यंत

हृदयविकार हा मोठ्या जबाबदारीचा आजार, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्की होती. निर्णय साहेबांनी घ्यायचे, झोप त्यांची उडायची, तेव्हा झटकाही त्यांनाच येणार, असा सरळ हिशेब.

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर कसं तोंड देतं याची मांडणी केली, पण तिचा आधार प्रयोगशाळेतले उंदीर होते. ऑफिसात हा विषय नेला सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी. करविवरणपत्रांची मुदत जवळ आली की हिशेबनीसांचं कोलेस्टेरॉल वाढतं आणि रक्त लवकर गोठतं, हे त्यांनी १९५८ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘टाइप ए’ स्वभाव पुढे आणला: सतत घाईत, चढाओढीत, चटकन चिडणारा माणूस. ही कल्पना तुफान गाजली. नंतरच्या पाहण्यांत मात्र ती टिकली नाही. या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवल्याचंही पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. दोष स्वभावावर गेला, तर सिगारेट निर्दोष सुटते ना!

साहेबांच्या आजाराची समजूत मोडली लंडनमध्ये. तिथल्या सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. हीच ती प्रसिद्ध ‘व्हाइटहॉल’ पाहणी. १९७८ मध्ये मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले, ते उलटेच होते. सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत खालच्या श्रेणीत, म्हणजे शिपाई वगैरे मंडळींत, हृदयविकाराने होणारे मृत्यू साडेतीन पटींहून अधिक. मधल्या श्रेणी मधेच. खाली धूम्रपान जास्त होतं हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं जमेस धरूनही बरीचशी तफावत उरत होती. आणि ही काही उपाशी माणसं नव्हती. सगळ्यांची नोकरी कायम, बहुतेकांचं काम बैठं.

उरलेल्या तफावतीचं उत्तर वेगळ्या वाटेने येत होतं. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसत्या कामाच्या बोज्याने माणूस खचत नाही. बोजा मोठा आणि ते काम कसं, कधी करायचं हे ठरवण्याची मुभा शून्य, ही जोडी घातक. स्त्रियांनाही सामावून घेणारी दुसरी व्हाइटहॉल पाहणी १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिथेही कामावर ताबा नसणं हेच ठळक दिसलं. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये आणखी एक बाजू जोडली: राबणं भरपूर, पण मोबदला, मान आणि बढती तोकडी.

ताणाचा वाटा फुगवून सांगण्यात अर्थ नाही. युरोपातल्या जवळजवळ दोन लाख नोकरदारांच्या माहितीवरून २०१२ मध्ये दिसलेली, कामाच्या ताणाने होणारी हृदयविकाराची जोखीमवाढ सुमारे २३ टक्क्यांची होती; धूम्रपान त्याहून कितीतरी घातक. कामाच्या तासांचा हिशेब २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५–४० तासवाल्यांपेक्षा हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के, तर पक्षाघाताचा ३५ टक्के जास्त.

ब्रिटनने २००४ मध्ये मालकांसाठी ताणाचे निकष आखले. त्यांत कामाचा बोजा, कामावरचा ताबा, वरिष्ठांचा पाठिंबा अशा बाबी आहेत. जपानने २०१५ पासून ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना वार्षिक ताण-तपासणी सक्तीची केली. तरीही बऱ्याच कंपन्यांना परवडतो तो ध्यानवर्ग. कामाची वाटणी आणि वेळापत्रक बदलायचं तर अधिकार खाली द्यावे लागतात, आणि तिथे गाडी अडते.