सुपरहीरोंचं वय कोण ठरवतं?

१९३८ सालच्या सुपरमॅनला उडता येत नव्हतं. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो नुसत्या उड्या मारतो, एका झेपेत फार तर मैलाचा आठवा भाग. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, जिथे काम करतो त्या वर्तमानपत्राचं नाव आधी 'डेली स्टार' होतं, 'डेली प्लॅनेट' नंतर झालं. आणि त्याला हतबल करणारं क्रिप्टोनाइट कॉमिकमध्ये जन्मलंच नाही. ते १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आलं आणि कॉमिकवाल्यांनी काही वर्षांनी तिथून उचललं. 'अस्सल, मूळचा सुपरमॅन' बिघडवला म्हणून दर पिढीत गळे काढले जातात, पण तो अस्सल सुपरमॅन असा निरनिराळ्या हातांनी, तुकड्यातुकड्याने जमत गेलेला आहे.

त्याला जन्म देणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलंडचे दोन तरुण. त्यांनी सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. पुढच्या सगळ्या इतिहासाची मेख या व्यवहारात आहे. पात्र कंपनीच्या मालकीचं झालं, म्हणजे लेखक बदलतील, चित्रकार बदलतील, पण पात्राला निवृत्ती नाही. मग ते बदलतं कशाने? कथांच्या दर्जावर याची चर्चा खूप होते. मला मात्र उत्तर दुसरीकडे दिसतं: अंक कुठे विकला जातो आणि तो विकत घेणारा किती वर्षं टिकतो, यात.

सुरुवातीला हा ग्राहक म्हणजे दहा सेंट हातात असलेलं पोर. औषधांची दुकानं आणि वर्तमानपत्रांचे स्टॉल इथे अंक मिळायचे. संपादकांचा हिशेब सरळ होता: मुलं काही वर्षं वाचतात, मोठी होतात, सोडून देतात, त्यांच्या जागी नवी येतात. त्यामुळे जुनं कथानक थोडा रंग बदलून पुन्हा छापलं तरी कुणी बोट दाखवणार नाही. मागच्या महिन्यात काय झालं ते या महिन्यात लक्षात ठेवायची गरज नव्हती. सुपरमॅनचे संपादक मॉर्ट वाइझिंगर यांनी यावर आणखी एक तोडगा काढला होता, 'काल्पनिक कथां'चा. त्यात सुपरमॅनचं लग्न व्हायचं, त्याला मुलं व्हायची, तो मरायचासुद्धा, आणि पुढच्या अंकात सगळं जसंच्या तसं. (मुळात सगळंच काल्पनिक असताना त्यातल्या काही कथांवर 'काल्पनिक' असा शिक्का मारायचा, ही गंमत तेव्हा कुणाला खटकली नसावी.)

युद्धकाळ भरभराटीचा होता. १९४१ च्या मार्च महिन्याची तारीख असलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणताना दिसतो, आणि तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरलेलीही नव्हती. युद्ध संपल्यावर मुखवटेवाल्यांचं काम संपल्यासारखं झालं. गुन्हेगारी, भय आणि प्रेमकथांनी स्टॉल व्यापले. १९५४ मध्ये कॉमिकमुळे मुलं बिघडतात, या मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांच्या आरोपांमुळे आणि सिनेटच्या उपसमितीच्या सुनावण्यांमुळे प्रकाशक घाबरले, आणि त्यांनी स्वतःच आपल्यावर 'कॉमिक्स कोड' ही मजकुराची नियमावली लादून घेतली. स्वतःच्या नावाचा अंक टिकवून होते ते मुख्यतः सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन.

खरा सांधा बदलला तो १९५६ मध्ये. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली डीसीने, म्हणजे सुपरमॅनच्या कंपनीने, 'शोकेस' मासिकाच्या चौथ्या अंकात विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशला परत आणलं, पण जुन्या फ्लॅशला नाही. नाव आणि वेग तेवढा जुना, बाकी माणूस नवा, पोशाख नवा. हा नवा बॅरी ॲलन पहिल्याच कथेत जुन्या फ्लॅशचं कॉमिक वाचत बसलेला दिसतो. म्हणजे जुना नायक नव्याच्या जगात निव्वळ कॉमिकमधलं पात्र! नव्या मुलांना जुन्याची माहिती असण्याची गरज नव्हती आणि जुन्यांना ओळखीची खूण मिळाली. १९६१ मध्ये गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेल्या आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी चितारलेल्या कथेत दोघे फ्लॅश समोरासमोर आले. जुना फ्लॅश दुसऱ्या, समांतर पृथ्वीवर राहतो, असा खुलासा झाला. एका अंकाच्या करमणुकीसाठी काढलेल्या त्या दाराने पुढे डीसीच्या घरात चांगलाच गोंधळ घातला.

याच सुमारास श्वार्ट्झ यांनी वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासह छापायला सुरुवात केली. किरकोळ वाटणारा हा निर्णय मला समांतर पृथ्वीपेक्षा मोठा वाटतो. पत्ते मिळाल्यावर वाचक एकमेकांना लिहू लागले आणि स्वतः हौशी नियतकालिकं काढू लागले. चुका काढणं हा त्यांचा छंदच झाला. आता संपादकाच्या समोर विसरून जाणारं पोर नव्हतं, जुने अंक जपून ठेवणारा चिकित्सक होता. त्यांच्यातला मिसुरीचा एक शिक्षक, रॉय थॉमस, १९६५ मध्ये या धंद्यात शिरला आणि १९७२ मध्ये डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. जिम शूटर तर शाळकरी वयातच डीसीला कथा विकत होता आणि १९७८ मध्ये तोही त्याच खुर्चीवर बसला. वाचकच लेखक झाले, आणि लहानपणी वाचलेलं सगळं सोबत घेऊन आले.

मार्व्हलने तर ही आठवणच भांडवल म्हणून वापरली. स्टॅन ली, जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांच्या कथांमध्ये एका अंकातलं भांडण पुढच्या अंकात चालू राहायचं, एका नायकाच्या गोष्टीत दुसरा डोकावायचा. १९६२ मध्ये शाळेत असलेला पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, १९६५ मध्ये शाळा संपवून कॉलेजात गेला. वाचकाबरोबर नायकही वाढतोय, असं वाटायला लागलं. पण कॉलेज संपायला १९७८ उजाडलं! बदल हवा, पण बदलाचा भासच पुरे, हे धोरण ली यांच्या नावाने सांगितलं जातं, ते इथे स्पष्ट दिसतं.

आठवणीचं भांडवल कसं वापरता येतं, याचा माझ्या मते सर्वोत्तम नमुना कॅप्टन अमेरिकाचा आहे. १९६४ मध्ये 'ॲव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात तो बर्फात गोठलेला सापडतो, तो म्हणे १९४५ पासून तिथेच. अडचण अशी, की १९५३-५४ मध्ये याच कंपनीने त्याच्या नव्या कथा छापल्या होत्या, त्यात तो कम्युनिस्टांना झोडपत हिंडत होता. बर्फात होता, तर हे कोण? बहुतेक संपादकांनी ते अंक विसरून जाणं पसंत केलं असतं. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या नव्या लेखकाने उलट केलं. पन्नाशीच्या दशकातला तो दुसराच माणूस होता, मूळ नायकाच्या वेडाने चेहरासुद्धा बदलून घेतलेला, आणि शेवटी डोकं फिरून जिथे तिथे देशाचे शत्रू पाहणारा. आता खरा कॅप्टन आणि तो तोतया समोरासमोर उभे ठाकतात. संपादकीय गफलत बुजवता बुजवता एंगलहार्टने सिनेटर मॅकार्थीच्या, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधण्याच्या काळातल्या देशभक्तीवर बोट ठेवलं. जुन्या गोष्टीला मागाहून नवा खुलासा देण्याच्या या प्रकाराला चाहते 'रेटकॉन' म्हणतात. त्यातले बहुतेक ठिगळासारखे दिसतात, हा मात्र कापडाचाच भाग झाला.

सत्तरच्या दशकात विक्रीची जागाच बदलली. स्टॉलवर न खपलेले अंक प्रकाशकाकडे परत यायचे. न्यूयॉर्कचे फिल स्यूलिंग यांनी वेगळा व्यवहार सुचवला: खास कॉमिकच्या दुकानांना जास्त सूट, पण न खपलेला माल परत नाही. १९८१ मध्ये मार्व्हलने 'डॅझलर'चा पहिला अंक फक्त या दुकानांतून विकला आणि चार लाखांहून अधिक प्रती गेल्या. आता प्रकाशकाला छपाईआधीच मागणी कळू लागली. दुकानात जाणारा ग्राहक दर आठवड्याला येणारा आणि वयाने मोठा होता. ख्रिस क्लेअरमॉन्ट यांनी १९७५ पासून १९९१ पर्यंत एकहाती लिहिलेली 'एक्स-मेन'ची गुंतागुंतीची कथा अशाच वाचकाच्या जिवावर चालली. वाटेत चुकून येणारं दहा वर्षांचं पोर मात्र दिसेनासं झालं. जुने वाचक धरून ठेवायचे तर इतिहास हवा, नवे आणायचे तर तोच इतिहास आडवा येतो. यापुढची चाळीस वर्षं याच पेचात गेली आहेत.

डीसीने १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकी मालिकेत सगळ्या समांतर पृथ्वी मोडून एक केली. बॅरी ॲलन मेला, सुपरगर्ल मेली. जॉन बर्न यांनी सुपरमॅन पहिल्यापासून लिहायला घेतला. झाडलोट झाली खरी, पण काही वर्षांतच हॉकमॅनसारख्या पात्रांचा पूर्वेतिहास आधीपेक्षा जास्त गुंतला. मग १९९४ मध्ये पुन्हा झाडलोट, २००५-०६ मध्ये पुन्हा, आणि २०११ मध्ये तर ५२ मालिका एकदम पहिल्या अंकापासून. ९०४ अंकांपर्यंत आलेलं 'ॲक्शन कॉमिक्स'ही त्यात एकवर आलं. पाच वर्षांनी कंपनीने तोच जुना आकडा पुढे चालू करून ९५७ वा अंक काढला आणि २०१८ मध्ये हजाराव्याचा सोहळा केला. सोपं करण्यासाठी केलेली प्रत्येक सफाई लक्षात ठेवायचं आणखी एक प्रकरण होऊन बसते, हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं आहे. तरीही ती होते, कारण मुखपृष्ठावरचा '१' हा आकडा काही महिने तरी खपतो.

मरणाचंही तसंच. १९८८ मध्ये डीसीने बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यावर फोनवरून मतं मागवली: मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. मारला. १९९२ मध्ये सुपरमॅन मेला तो तर वेगळ्याच कारणाने. लेखकांना प्रेयसी लुईस लेनशी त्याचं लग्न लावायचं होतं, पण दोघांवरची दूरचित्रवाणी मालिका येऊ घातल्याने ते पुढे ढकलावं लागलं आणि रिकाम्या जागेत मरण बसवलं गेलं. बातम्यांत ते झळकलं, दुकानांपुढे रांगा लागल्या. पुढच्या वर्षी तो परतला. एक-दोन वर्षं आधीच गुंतवणूक म्हणून अंक साठवणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. १९९१ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांनी मागवल्या. वाचणारे अर्थातच तेवढे नव्हते. फुगा फुटला, शेकडो दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॉमिकमध्ये कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी, जेसन टॉड आणि पीटर पार्करचे काका अंकल बेन सोडून कुणीही कायमचं मरत नाही, असं चाहते म्हणायचे. २००५ मध्ये त्यातले पहिले दोघेही परतले.

पुसून पुन्हा लिहिण्यापेक्षा वारस देणं जास्त टिकतं, असं दिसतं. २०११ मध्ये स्पायडरमॅन झालेला माइल्स मोरालेस सुरुवातीला वेगळ्या विश्वातला होता, पण मूळ नायकाला धक्का न लावता त्याने स्वतःचा वाचक मिळवला. २०१४ मध्ये जी. विलो विल्सन यांनी लिहिलेली कमला खान ही पाकिस्तानी-अमेरिकी मुलगी 'मिस मार्व्हल' या नावाने आली. अनेक अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकांमुळे कॉमिक पुन्हा साध्या पुस्तकांच्या दुकानात पोचलं होतं, आणि तिचा वाचक मुख्यतः तिथेच जमला. चौथा अंक चुकला म्हणून सोडून द्यावं, असा प्रश्न पुस्तकाला नसतो.

नायकांचं वय मात्र तिथल्या तिथेच. आयर्न मॅनचा, म्हणजे टोनी स्टार्कच्या चिलखती अवताराचा, जन्म १९६३ मध्ये व्हिएतनामच्या रणभूमीवर झाला, पण टोनी स्टार्क अजून चाळिशीतला दाखवायचा तर ते जमेना. मग काही काळ व्हिएतनामच्या जागी अफगाणिस्तान आलं. २०१९ मध्ये मार्व्हलने 'सियानकाँग' नावाच्या काल्पनिक देशातलं काल्पनिक युद्धच इतिहासात घुसवलं, ज्याची तारीख हवी तशी पुढे सरकवता येते.

पीटर पार्करचं १९८७ मध्ये मेरी जेनशी लागलेलं लग्न २००७ मध्ये सैतानाशी सौदा करवून मोडलं गेलं. विवाहित नायक तरुण वाटत नाही, हे त्यामागचं कारण. चाहत्यांनी ते कधी मनापासून स्वीकारलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये मार्व्हलने जोनाथन हिकमन यांच्याकडून 'अल्टिमेट स्पायडरमॅन' नव्याने सुरू केला. त्यातला पीटर दाढी राखलेला, मेरी जेनचा नवरा, दोन मुलांचा बाप आहे, आणि त्याला कोळ्याची शक्ती मिळते ती या वयात. अंक हातोहात गेले, पुन्हा पुन्हा छापावे लागले. मूळ मालिकेतलं लग्न मात्र मोडलेलंच राहिलं.