मोकळी जागा किती? तीन संगणकांची तीन उत्तरं

गोव्यात पेडण्यातले दशावतारी खेळ, फोंड्यातल्या देवळांतली भजनं, गावोगावच्या मराठी नाटकांची ध्वनिमुद्रणं असा साठा जपणाऱ्या मंडळींकडे संगणकांची सरमिसळ असते. पत्रव्यवहाराला विंडोज, व्हिडिओ जोडायला मॅक आणि सगळं साठवायला लिनक्सचा सर्व्हर. डिस्क भरत आली की इशारा देणारा एक छोटा प्रोग्रॅम तिन्हींवर चालवायचा ठरवलं, तर तिघांनाही एकच प्रश्न विचारायचा असतो: जागा किती उरली? इथे चुकीचं उत्तर मिळालं तर ध्वनिमुद्रण अर्ध्यावर थांबतं, आणि जत्रेतला तो खेळ पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा होत नाही. म्हणून हा प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रणेवर कसून तपासायला हवा.

युनिक्सच्या घराण्यात या प्रश्नासाठी 'स्टॅटव्हीएफएस' नावाचं फंक्शन आहे. पॉझिक्स या मानकात ते असल्यामुळे लिनक्स, मॅक आणि फ्रीबीएसडी ही आणखी एक युनिक्सवळणाची यंत्रणा, सगळीकडे सापडतं. विंडोजवर त्याचं काम 'गेटडिस्कफ्रीस्पेसईएक्स' करतं. विंडोज थेट बाइटमध्ये उत्तर देतं. स्टॅटव्हीएफएस मात्र ब्लॉकची, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या ठराविक तुकड्यांची संख्या सांगतं, गुणाकार आपण करायचा.

कशाने गुणायचं, हाच पहिला सापळा. ब्लॉकचे दोन आकार मिळतात: एक वाचायला-लिहायला सोयीचा, दुसरा ज्या मापात मोजणी झाली तो मूळ आकार. लिनक्सवर दोन्ही बहुधा ४०९६ बाइटच असतात, त्यामुळे चुकीचा आकडा घेतला तरी उत्तर बरोबर येतं आणि चूक दडून राहते. मॅकच्या एपीएफएस या फाइल सिस्टमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) सोयीचा आकार १०,४८,५७६ बाइट आहे, म्हणजे मूळ आकाराच्या २५६ पट. तोच प्रोग्रॅम तिथे ५०० जीबीची डिस्क १२८ टेराबाइटची दाखवतो. शिवाय मॅकच्या स्टॅटव्हीएफएसमध्ये ब्लॉकची संख्या ३२ बिटांत बसवलेली आहे. ४०९६ बाइटच्या ब्लॉकने मोजलं तर सुमारे १७.६ टेराबाइटला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि २० टेराबाइटची डिस्क अडीच टेराबाइटपेक्षाही लहान दिसते. मॅकवर म्हणूनच जुनं 'स्टॅटएफएस' वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात हे आकडे ६४ बिटांचे आहेत.

दुसरी गोष्ट राखीव जागेची. कणगीत भात किती आहे असं विचारलं, तर बियाण्यासाठी राखलेलं धरायचं की नाही, यावर उत्तर ठरतं. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम सहसा ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते, म्हणजे १ टेराबाइटमागे ५० जीबी. फ्रीबीएसडीच्या यूएफएसवर हे प्रमाण ८ टक्के असतं. म्हणून 'मोकळे ब्लॉक' आणि 'साध्या वापरकर्त्याला मिळणारे ब्लॉक' असे दोन आकडे येतात. इशारा द्यायचा तर दुसराच धरायला हवा. फ्रीबीएसडीच्या स्टॅटएफएसमध्ये तर हा दुसरा आकडा उणेही होऊ शकतो: प्रशासकाने राखीव जागेत लिहायला सुरुवात केली की तसं घडतं. तो आकडा उणे चिन्ह नसलेल्या प्रकारात साठवला, तर भरलेली डिस्क अवाढव्य रिकामी वाटेल.

मग तपासायचं कसं? चालत्या डिस्कवरचा आकडा क्षणोक्षणी बदलतो, त्यामुळे ठरलेल्या उत्तराशी तुलना करता येत नाही. ठराविक मापाची फाइल लिहून जागा तेवढीच घटली का हे पाहावं, तर झेडएफएससारखी फाइल सिस्टम डेटा दाबून लहान करून ठेवते आणि शून्यांनी भरलेली फाइल जवळपास काहीच जागा घेत नाही. लिनक्सवर चांगला उपाय आहे: मेमरीत ६४ एमआयबीची (१ एमआयबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट) टीएमपीएफएस ही तात्पुरती फाइल सिस्टम बनवायची. ४०९६ बाइटच्या ब्लॉकने तिथे नेमके १६,३८४ ब्लॉक यायला हवेत. तिचा ब्लॉक मेमरीच्या पानाएवढा, म्हणजे मेमरी वाटण्याच्या एका तुकड्याएवढा असतो, आणि एआरएम प्रोसेसरच्या काही संगणकांवर हे पान ६४ केआयबीचं (६५,५३६ बाइटचं) असतं, तिथे १,०२४ येतील. म्हणून चाचणीने ब्लॉक न मोजता गुणाकार तपासावा. बाकी ठिकाणी नात्यांवर भर द्यावा: मोकळे ब्लॉक एकूणपेक्षा जास्त नसावेत, आणि उत्तर मोकळी जागा सांगणाऱ्या 'डीएफ' या आज्ञेच्या उत्तराशी जवळपास जुळावं.

जागा असूनही डिस्क 'भरते' तो प्रकार आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी ठेवलेल्या नोंदीचा. ईएक्सटी४वर फाइलींची कमाल संख्या फाइल सिस्टम बनवतानाच ठरते, सहसा दर १६,३८४ बाइटमागे एक. लाखो बारीक फाइली झाल्या की नवी फाइल बनत नाही. लिनक्सचीच दुसरी फाइल सिस्टम बीटीआरएफएस आयनोड लागतील तसे बनवते आणि एकूण संख्या शून्य सांगते. टक्केवारी काढणारा प्रोग्रॅम तिथे शून्याने भागायला जातो.

मराठी नावांच्या फाइलींसाठी आणखी एक आकडा पाहावाच लागतो: नावाची कमाल लांबी. ईएक्सटी४वर ती २५५ बाइट आहे, तर विंडोजच्या एनटीएफएसवर यूटीएफ-१६ची २५५ एककं. यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या दोन पद्धती, आणि यूटीएफ-१६मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला एकच एकक लागतं. 'म्हार्दोळ' हे गावाचं नाव वाचताना तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये ती नऊ चिन्हं आहेत. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे २७ बाइट झाले. या हिशेबाने ईएक्सटी४वर देवनागरीची फक्त ८५ चिन्हं मावतात. देवाचं नाव, गाव, बुवा, तबलजी आणि तिथी असं सगळं लिहिलेलं शंभर चिन्हांचं नाव विंडोजवर बिनबोभाट चालतं आणि लिनक्सच्या साठ्यात टाकताना नाकारलं जातं. इंग्रजी नावांनी केलेल्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही, म्हणून चाचणीच्या फाइलींमध्ये ८५ आणि ८६ चिन्हांची दोन देवनागरी नावं ठेवावीत: ईएक्सटी४वर पहिलं स्वीकारलं गेलं पाहिजे, दुसरं नाकारलं गेलं पाहिजे.