स्मॉलटॉकमधून स्क्रॅचची फेररचना

स्क्रॅच हे ब्लॉक एकाला एक जोडून प्रोग्रॅम लिहिण्याचे मुलांसाठीचे साधन. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबच्या 'लाइफलाँग किंडरगार्टन' गटाने मिचेल रेझनिक यांच्या नेतृत्वाखाली ते तयार केले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून २००९ च्या १.४ आवृत्तीपर्यंत स्क्रॅच स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 'स्क्वीक' या अवतारात लिहिलेले होते. त्यामुळे स्क्रॅच चालू असतानाच त्याच्या पोटात शिरून नवे ब्लॉक घालता येत, जुने बदलता येत आणि मेनू हलवता येत. अशा बदललेल्या आवृत्तीला 'मॉड' म्हणतात. या नोंदीचा विषय आहे असे बदल करायला शिकणे. बहुतेकांनी ते वर्गात नव्हे, तर स्क्रॅच वापरता वापरता, कुतूहलापोटी शिकून घेतले.

आत जाण्याची वाट लपवलेली होती. या आवृत्त्यांत पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात स्क्रॅचचे नाव असते. त्यातल्या 'आर' या अक्षराच्या पोकळीवर शिफ्ट दाबून क्लिक केले की एरवी न दिसणारा एक मेनू उघडतो. त्यातून 'फिल स्क्रीन' बंद केले की स्क्रॅचची खिडकी आक्रसते आणि भोवती मोकळी जागा उरते. ती जागा म्हणजे स्क्वीकचे अंगण. तिथे क्लिक केल्यावर येणाऱ्या मेनूतून 'ब्राउझर' उघडतो. हा वेबचा ब्राउझर नव्हे. वर चार रकान्यांत अनुक्रमे विभाग, क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा), मेथडींचे गट आणि मेथडी (वस्तूच्या एकेका कामाच्या सूचना), आणि खाली निवडलेल्या मेथडीचा कोड, अशी त्याची मांडणी असते.

वाट का लपवली हे समजणे सोपे आहे. स्क्रॅच मुख्यतः ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी होते आणि एका चुकीच्या क्लिकने सगळे साधनच कोलमडू शकले असते. तरी यात एक गंमत आहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत ॲलन के आणि डॅन इंगल्स यांनी स्मॉलटॉकचा पाया घातला, तो मुलांनाही संगणक आपल्या मर्जीने घडवता यावा म्हणूनच. १९९६ मध्ये ॲपलमध्ये स्क्वीक आले, ते करणाऱ्यांत हीच जोडी होती आणि सोबत जॉन मलोनी होते. पुढे स्क्रॅचचा बराचसा कोड मलोनी यांनीच लिहिला. मुलांसाठी जन्मलेली भाषा मुलांच्याच साधनात एका अक्षरामागे दडून बसली होती.

शिकणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो 'इमेज'चा. स्क्वीकमध्ये प्रोग्रॅम म्हणजे मजकुराच्या फायलींचा ढीग नसतो. सगळे क्लास, उघड्या खिडक्या, पडद्यावरचे स्क्रॅचचे मांजर, सारे काही जिवंत अवस्थेत एकाच इमेज फायलीत साठवलेले असते. आपण ज्या फायलीवर डबल-क्लिक करतो ती फक्त ही इमेज चालवणारी यंत्रणा. रात्री दिवा मालवून झोपावे आणि सकाळी विळी, पाट, अर्धी चिरलेली भाजी जिथल्या तिथे असावी, तशी इमेज उघडते. सोय मोठी, पण बिघडलेली अवस्था जतन केली तर सकाळी तीच समोर येते. म्हणून जाणकार पहिला सल्ला देतात तो कोडबद्दल नसतोच: आधी इमेजची प्रत काढून बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट मूळ कोडची. नेहमीच्या स्क्रॅचसोबत तो येत नाही, त्यामुळे ब्राउझरला यंत्राच्या सूचनांवरून कोड उलगडून दाखवावा लागतो. तो चालतो, पण त्यात टिपणे नसतात आणि चलांची नावे 'टी१', 'टी२' अशी निर्जीव दिसतात. एमआयटीने १.४ चा मूळ कोड स्वतंत्रपणे दिला होता, गंभीरपणे शिकणारे तोच घेत. पहिला बदल स्वीकारताना स्क्वीक तुमची आद्याक्षरे विचारतो आणि पुढे तुमच्या प्रत्येक मेथडीवर ती तारखेसह टाकतो. जुन्या मेथडींवर जागोजागी 'जेएम' दिसते, ते मलोनी. नवशिक्याचे नाव मूळ कर्त्याच्या शेजारी लागते, आणि ही बाब दिसते तितकी क्षुल्लक नाही.

भाषा लहान आहे. आधी वस्तू, मग तिला दिलेला निरोप, एवढेच तिचे व्याकरण. 'गण्या, दार लाव' यात आधी हाक आणि मग काम, तसेच इथे. निरोपाला सोबत काही द्यायचे असेल तर त्याच्या नावानंतर विसर्गासारखे दोन टिंब येतात: 'सेल्फ फॉरवर्ड: ५०'. सेल्फ म्हणजे ज्याच्यावर मेथड चालू आहे तो, इथे स्प्राइट, म्हणजे मांजरासारखे पडद्यावरचे पात्र. शाळेतले गणित मात्र बाजूला ठेवावे लागते. ३ + ४ * २ चे उत्तर स्मॉलटॉकमध्ये १४ येते, कारण '+' आणि '*' हेही निरोपच आहेत आणि ते डावीकडून उजवीकडे जातात. ११ हवे असेल तर कंस घाला.

नवा ब्लॉक घालणे

समजा, दिलेल्या मापाचा चौकोन काढणारा ब्लॉक हवा आहे. 'स्क्रॅचस्प्राइटमॉर्फ' या क्लासमध्ये जायचे आणि ब्राउझरमधले 'क्लास' हे बटण दाबायचे. हे बटण विसरल्यामुळे कितीतरी जण हवी ती मेथड शोधत बसतात, कारण ती त्याच्याच आड असते. तिचे नाव 'ब्लॉकस्पेक्स'. हालचाल, रूप, पेन अशा गटांतील ब्लॉकची ती यादी आहे. एकेका ब्लॉकसाठी एक कंस: आधी ब्लॉकवर दिसणारा मजकूर, मग प्रकाराची खूण, मग मेथडीचे नाव आणि शेवटी खाचेत आधीच भरलेली किंमत. मजकुरात जिथे आकडा टाकायचा तिथे '%एन' लिहितात, शब्दांसाठी '%एस'. साध्या आज्ञेची खूण '#-', उत्तर परत देणाऱ्या गोलसर ब्लॉकची '#आर', खरे-खोटे सांगणाऱ्या टोकदार ब्लॉकची '#बी'.

पेनच्या गटात 'चौकोन %एन', '#-', 'स्क्वेअर:' आणि ५० अशी ओळ घातली की यादीचे काम झाले. आता 'इन्स्टन्स' बटणाकडे परत येऊन 'स्क्वेअर: साइझ' ही मेथड लिहायची: '४ टाइम्सरिपीट: [सेल्फ फॉरवर्ड: साइझ. सेल्फ टर्नराइट: ९०]'. विंडोजवर ऑल्ट-एस दाबले की बदल लागू होतो. काही बंद करून पुन्हा चालू करावे लागत नाही. दुसऱ्या गटावर क्लिक करून पेनवर परत आले की नवा ब्लॉक तिथे हजर असतो.

खरा धडा तो चालवल्यावर मिळतो. ब्लॉक जोडून काढलेल्या चौकोनात मांजर बाजूबाजूने फिरताना दिसते. आपल्या ब्लॉकचा चौकोन मात्र एकदम उमटतो, मांजर जागचे हललेच नाही असे वाटते. कारण असे की स्क्रॅच अनेक स्क्रिप्टा, म्हणजे जोडलेल्या ब्लॉकच्या साखळ्या, आळीपाळीने चालवते आणि एका स्क्रिप्टकडून दुसरीकडे वळते ते ब्लॉकच्या आवर्तनाचा (तेच काम पुन्हा पुन्हा करण्याचा) एक फेरा संपतो तेव्हा किंवा थांबण्याची आज्ञा येते तेव्हा. स्मॉलटॉकमधल्या आवर्तनाची त्याला दखलच नसते. त्याच्या लेखी पूर्ण चौकोन म्हणजे एकच पाऊल. 'थांबा' किंवा 'सरका' यांसारख्या, वेळ घेणाऱ्या ब्लॉकसाठी '#टी' अशी वेगळी खूण का आहे, ते इथे उमजते. याच कारणाने मेथडीत न संपणारे आवर्तन लिहिले तर सगळा पडदा गोठतो, लाल थांबा-बटणही चालत नाही. तेव्हा ऑल्ट दाबून पूर्णविराम, हाच उपाय.

चुका होतात तेव्हा डीबगर, म्हणजे चूक कुठे झाली ते दाखवणारी खिडकी, उघडतो. बहुतेक वेळा तक्रार एकच असते: अमुक वस्तूला तमुक निरोप कळला नाही. तो न घाबरता वाचायला शिकणे हे निम्मे शिक्षण आहे. तिथल्या तिथे मेथड दुरुस्त करून प्रोग्रॅम पुढे चालवता येतो, आणि 'व्हर्जन्स'मधून जुनी मेथड परत आणता येते. सगळ्यांत अवघड भाग मात्र वाक्यरचनेचा नाहीच, जागा शोधण्याचा आहे. अमुक रंग कुठे ठरतो, तमुक मेनू कोण बांधतो, हे दुसऱ्याचा कोड तासन्‌तास वाचूनच सापडते.

मॉड

शिकाऊ खटपटींतून पुढे मोठी कामे उभी राहिली. येन्स म्योनिश यांचे 'बीवायओबी', म्हणजे 'तुमचे ब्लॉक तुम्हीच बांधा', त्यांत अव्वल. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ब्रायन हार्वे त्यात सहभागी झाले. स्क्रॅच १.४ मध्ये वापरणाऱ्याला ब्लॉकमधूनच नवा ब्लॉक बनवण्याची सोय नव्हती. बीवायओबीने ती दिली, शिवाय उत्तर देणारे ब्लॉक आणि ब्लॉकलाच माहिती म्हणून इकडून तिकडे देण्याची मुभाही दिली. त्याच्या मांजराच्या डोक्यावर लॅम्डा या ग्रीक अक्षराच्या आकाराची झुलपे होती आणि नाव होते अलोंझो, गणितज्ञ अलोंझो चर्च यांच्यावरून. हेच पुढे जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिले गेले आणि 'स्नॅप!' झाले. बार्सिलोनाजवळील सिटीलॅबमध्ये बनलेले 'एसफोरए' अर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांसाठी होते. फारो या दुसऱ्या स्मॉलटॉकवर 'फ्रॅच' नावाचे रूपांतरही झाले.

मॉड करणाऱ्यांवर बंधने होती: स्क्रॅच हे नाव आणि मांजराचे चित्र वापरायचे नाही, कोड खुला ठेवायचा, आणि स्क्रॅचच्या संकेतस्थळावर प्रकल्प चढवण्याची सोय द्यायची नाही. शेवटची अट कडक वाटते, पण तिला कारण आहे. आपला चौकोनाचा ब्लॉक असलेला प्रकल्प साध्या स्क्रॅचमध्ये उघडला तर तिथे तो ब्लॉक कुणाला माहीतच नसतो.

२०१३ च्या स्क्रॅच २.० पासून ही वाट बंद झाली. ती आवृत्ती वेब ब्राउझरमध्ये चालावी म्हणून फ्लॅश या तंत्रावर लिहिली गेली, आणि २०१९ ची ३.० जावास्क्रिप्टमध्ये. दोन्हींचा कोड खुला आहे, पण तो चालू साधनाच्या आतून बदलता येत नाही. २.० मध्ये स्वतःचे ब्लॉक बनवण्याची सोय आली खरी, मात्र त्या ब्लॉकना उत्तर परत देता येत नाही. स्मॉलटॉकमधले स्क्रॅच त्यानंतरही काही वर्षे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नांदले. तिथे १.४ फार संथ चालत असे. टिम रोलेज यांनी ते नव्या स्क्वीकवर आणून बरेच वेगवान केले आणि संगणकाच्या पिनांना जोडलेले दिवे लावण्याची सोयही त्यात घातली.