सोर्सपासून पॅकेज बांधणी

प्रोग्रॅमचा सोर्स कोड उतरवून तो आपल्याच संगणकावर कंपाइल करणे (चालवता येईल अशा रूपात बदलणे), बसवणे आणि पुढे सांभाळणे. युनिक्स व लिनक्सवर यासाठी तीन आज्ञांची वाट रुळली आहे: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल.

कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट. कंपाइलर, लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) आणि हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे ते कंपाइलरला सांगणाऱ्या) तपासून ती मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, तयार करते. इथे अडले तर कॉन्फिग.लॉग उघडावी, नेमकी कोणती चाचणी फसली ते तिथेच कळते. बहुतेकदा लायब्ररी असते, हेडर नसतात. डेबियनमध्ये ते ‘डेव्ह’ आणि फेडोरात ‘डेव्हेल’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात मिळतात.

मेक हे स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिले. ते फाइलींच्या वेळा ताडून पाहते आणि सोर्सपेक्षा जुनी झालेली ऑब्जेक्ट फाइलच (सोर्स कंपाइल होऊन बनलेली फाइल) पुन्हा बनवते. मात्र कंपाइलरचा पर्याय बदलला तर फाइलीची वेळ बदलत नाही, म्हणून जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहू शकतात. अशा वेळी आधी मेक क्लीन, म्हणजे बांधलेल्या फाइली पुसणे. ‘-जे ४’ दिल्यास चार कामे एकदम चालतात; मेमरी कमी पडली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कंपाइलरलाच मारतो आणि चूक कोडची वाटते. मेकफाइल हाताने सुधारताना आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा. आठ स्पेस दिसायला तशाच, पण ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून काम थांबते.

खरी डोकेदुखी मेक इन्स्टॉलनंतरची. ही आज्ञा फाइली सहसा यूएसआर-लोकलखाली कॉपी करते, पण पॅकेज मॅनेजरकडे (प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाकडे) त्यांची नोंद नसते. त्यामुळे सुरक्षा-अपडेट आपोआप येत नाहीत, आणि मेक अनइन्स्टॉल चालते ते मेकफाइलमध्ये तशी सोय असेल तरच. सोर्सची डिरेक्टरी पुसून टाकली असेल तर तीही वाट बंद. म्हणून प्रत्येक आवृत्तीला प्रीफिक्सने (कॉन्फिगरला बसवण्याची जागा सांगणारा पर्याय) स्वतंत्र डिरेक्टरी द्यावी आणि ग्नू स्टो या साधनाने सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) जोडाव्यात; काढताना लिंक तोडून डिरेक्टरी पुसली की झाले. मेक इन्स्टॉलला देता येणारा डेस्टडिर प्रीफिक्सची जागा घेऊ शकत नाही: तो फाइली तात्पुरत्या दुसरीकडे ठेवतो, बायनरीत (कंपाइल झालेल्या प्रोग्रॅममध्ये) कोरलेले मार्ग बदलत नाही.

लिनक्सवर नवी शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती) बसवल्यावर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून एलडीकॉन्फिग चालवावे, म्हणजे प्रोग्रॅमना ती सापडते. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमचे पोर्ट्स आणि जेंटू या लिनक्सचे पोर्टेज हे सोर्सपासून बांधूनही बसवलेल्या फाइलींची यादी ठेवतात.