गृहपत्रिका

गृहपत्रिका : कारखाना, बँक, विमा कंपनी किंवा सहकारी संघ स्वतःच्या खर्चाने काढतो ते नियतकालिक. कामगारांसाठी निघणारी ती अंतर्गत आणि गिऱ्हाईक व एजंट यांच्यासाठी निघणारी ती बाह्य गृहपत्रिका. येथे बाह्य पत्रिकेचाच विचार केला आहे. मालाची भलामण बाजूला ठेवून, तो वापरणाऱ्याच्या उपयोगी पडेल असा मजकूर ठरल्या वेळी देत राहायचा, हे तिचे तंत्र.

उगमाबद्दल मतभेद आहेत. काही लेखक तो बेंजामिन फ्रँकलिनच्या १७३२ मधील पंचांगापर्यंत मागे नेतात. पण ते विक्रीसाठीच काढलेले प्रकाशन होते. डीअर या अवजारे बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या ‘द फरो’ला (१८९५) पहिलेपणाचा मान बहुधा दिला जातो. तथापि हार्टफर्ड येथील बॉयलर तपासणी व विमा कंपनीचे ‘द लोकोमोटिव्ह’ १८६७ मध्येच सुरू झाले होते. बॉयलर कशाने फुटतात, याची चिकित्सा त्यात येई. स्फोट झाला की भरपाई कंपनीच्याच माथी, म्हणून वाचक शहाणा होण्यात तिचा रोकडा फायदा होता. हे पाहता अग्रमान या पत्रिकेस देणे अधिक सयुक्तिक वाटते. टायर बदलण्याची कृती सांगणारी मिशलँ या फ्रेंच टायर कंपनीची मार्गदर्शिका (१९००; १९२० पर्यंत मोफत) याच कुळातली, पण ती नियतकालिक पत्रिका नव्हे.

मराठीतील ठळक उदाहरण ‘किर्लोस्कर खबर’ (१९२०) हे होय. लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजुतीमुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले, असे सांगतात. अशा गिऱ्हाइकापुढे नुसती जाहिरात लंगडी पडते. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ही पत्रिका संपादित केली. १९२९ च्या सुमारास नावातील ‘खबर’ गळाले. ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडे निघाली. १९३० नंतर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापणाऱ्या या मासिकास गृहपत्रिका म्हणावे काय? ती संज्ञा पहिल्या दशकापुरती ठेवणे बरे.

निर्मितीत आधी वाचकांची यादी, मग मजकूर. शेती अवजारांच्या पत्रिकेत फाळ बदलण्याची कृती उन्हाळी नांगरटीच्या आधी पोचली पाहिजे; पेरणीच्या तोंडावर ती वाया जाते. अशा लेखात सुटे भाग वेगळे दाखवणारी आकृती, प्रत्येक भागाचा क्रमांक, बोल्ट सोडवण्याचा क्रम आणि तो भाग मिळण्याचे ठिकाण एकाच पानावर लागते. मध्ये टाचणी मारायची तर पाने चारच्या पटीत हवीत. एक पान वाढले की चार भरावी लागतात, आणि ती नेमकी सत्कारांच्या छायाचित्रांनी भरतात. मालकाचे छायाचित्र पहिल्या पानावर चढले की वाचकाने पत्रिका मिटलीच म्हणून समजावे. दुसरे दुखणे विक्री विभागाचे : त्याला लेखातच दरपत्रक हवे असते. ते वेगळ्या रंगाच्या सुट्या कागदावर द्यावे; भाव बदलले तरी अंक शिळा होत नाही.

टपाल सवलतीची अट जुनीच. १८९८ च्या टपाल कायद्याच्या (२०२४ मध्ये रद्द) कलम ९ नुसार दोन अंकांत ३१ दिवसांहून अधिक अंतर चालत नसे आणि खऱ्या वर्गणीदारांची यादी लागे. त्रैमासिक पत्रिका पहिल्याच अटीवर बाद होई. फुकट वाटली जाणारी दुसरीवर अडे. नाममात्र वर्गणी ठेवण्याचा आणखी एक फायदा असा, की दरवर्षी पत्ते आपोआप ताजे होतात. परत आलेल्या अंकांचे पत्ते त्या त्या महिन्यातच यादीतून कमी केले नाहीत, तर छपाई आणि टपालहशील दोन्ही बुडीत. परिणाम मोजण्यासाठी प्रत्येक अंकाच्या कुपनावर वेगळा सांकेतिक क्रमांक छापतात. कोणत्या अंकामागून चौकशी आली, ते त्यावरून कळते.

अलीकडे हेच काम ई-मेल व व्हॉट्सअ‍ॅपवर होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रसारण यादीत २५६ जणांची मर्यादा असून, पाठवणाऱ्याचा क्रमांक ज्याने आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच संदेश पोचतो.