ऑनलाइन एमबीए की आयआयएमचं सर्टिफिकेट? मार्केटिंगवाल्यांनी पैसे कशावर घालावेत

सेल्समध्ये सात-आठ वर्षं काढली की लिंक्डइनवर जाहिरातींचा मारा सुरू होतो. एका विद्यापीठाचं ‘ऑनलाइन एमबीए इन मार्केटिंग’ आणि लगेच खाली कुठल्यातरी आयआयएमचा ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम इन सेल्स अँड मार्केटिंग’. दोन्हींचे वर्ग शनिवार-रविवारी, दोन्ही लॅपटॉपवर, दोन्हींच्या फोटोत काळे गाऊन. बऱ्याचदा फीसुद्धा उन्नीस-बीस. मग माणूस आयआयएमचं नाव बघतो आणि भरून मोकळा होतो. पण एकातून पदवी मिळते, दुसऱ्यातून मिळत नाही, आणि हा फरक जाहिरातीत कोणी ठळक अक्षरांत छापत नाही.

पदवी कोणी द्यायची हे १९५६च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२मध्ये आहे: विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था. ऑनलाइन एमबीए विद्यापीठच देतं, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. ‘ऑनलाइनला कोण विचारतं’ ही शंकाही आता जुनी झाली. यूजीसीच्या २०२०च्या नियमावलीप्रमाणे मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, आणि २०२२मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढून ते पुन्हा सांगितलं. फक्त ते विद्यापीठ, त्या वर्षासाठी आणि त्याच कोर्ससाठी, यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या यादीत हवं. यादी ब्युरोच्या साइटवर कोणालाही बघता येते. हल्ली प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी-आयडी, म्हणजे याच ब्युरोचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. काउन्सेलर ‘ते नंतर बघू’ म्हणाला तर खुशाल फोन ठेवावा.

आयआयएमचं प्रकरण जरा वेगळं. कित्येक दशकं या संस्था पदवी देतच नव्हत्या. अहमदाबादहून बाहेर पडलेला हुशारातला हुशार विद्यार्थीही कागदोपत्री डिप्लोमाधारकच असे. आयआयएम कायदा २०१७चा, तो जानेवारी २०१८च्या अखेरीस लागू झाला आणि पदवीचा अधिकार आला. त्यामुळे नोकरी सांभाळून आयआयएमची खरीखुरी एमबीए पदवीही आज घेता येते; आयआयएम कोझिकोडचा नोकरदारांसाठीचा ‘ईपीजीपी’ कोर्स त्यातलाच. पण सहा, आठ, अकरा महिन्यांचे ते एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम हे निराळं खातं. तिथे मिळतं ते सर्टिफिकेट.

ओळखायचं कसं? फीचं पान उघडा आणि तळाशी बघा. ‘अधिक १८ टक्के जीएसटी’ असं लिहिलेलं असेल तर बहुधा सर्टिफिकेट समजा. कायद्याने मान्य असलेल्या पदवीच्या शिक्षणाला जीएसटी माफ आहे, अल्पमुदतीच्या एक्झिक्युटिव्ह कोर्सला नाही. म्हणजे दीड लाखाचा कोर्स हातात पडेपर्यंत १,७७,००० रुपयांचा होतो. (पदवीच्या बाबतीतही मधली एडटेक कंपनी स्वतःची सेवा म्हणून काही रक्कम वेगळी लावू शकते, तेव्हा ही खूण शंभर टक्के पक्की नाही. पण बरंच सांगून जाते.)

आता घ्यायचं काय? माझं मत सरळ आहे. बीकॉम किंवा बीएस्सी करून थेट फील्डवर गेलात, एरिया मॅनेजरपर्यंत पोचलात आणि पुढच्या पदाच्या अर्जात ‘पदव्युत्तर’ हा रकाना रिकामा राहतोय, तर पदवीच घ्या. त्या रकान्यात सर्टिफिकेट बसत नाही, मग ते कितीही मोठ्या नावाचं असो. सरकारी जागा, प्राध्यापकी, पीएचडी, सगळीकडे तेच. आणि त्यासाठी दोन-तीन लाख ओतलेच पाहिजेत असं नाही. इग्नूचं मार्केटिंगमधलं एमबीए लाखाच्या आत होतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडेही बघा. नाव झगमगीत नसेल, पण रकाना भरतो.

पदवीत आणखी एक गोष्ट मिळते, जिला सेल्सची मंडळी नाक मुरडतात: अकाउंट्स. डिस्ट्रिब्युटरला ‘दहावर एक फुकट’ स्कीम देताना बहुतेकजण ती १० टक्के सूट धरतात. ती आहे ९.०९ टक्के, कारण माल अकरा नग जातो. तेवढ्यावर खूश होऊ नका. १०० रुपयांच्या नगाची किंमत कंपनीला ८० पडत असेल, तर दहा नगांवर २०० रुपये सुटायचे. स्कीममध्ये १,००० मिळतात, ८८० जातात, राहतात १२०. नफा पूर्वीइतका ठेवायचा तर बिलावरचे नग दोन-तृतीयांशाने वाढायला हवेत. मीटिंगमध्ये हे तोंडी मांडणारा माणूस टार्गेट पळवणाऱ्यांपेक्षा वेगळा दिसतो.

सर्टिफिकेट मग कोणासाठी? ज्याच्याकडे एमबीए आधीच आहे, दहा वर्षांपूर्वीचं, आणि प्रायसिंग किंवा ब्रँडचं काम नव्याने अंगावर आलंय. त्याला दुसऱ्या एमबीएचा उपयोग शून्य. किंवा कंपनी फी भरतेय, तर मग घ्याच. बॅचमधल्या वेगवेगळ्या धंद्यांतल्या लोकांच्या ओळखीही कामाला येतात. ‘ॲल्युम्नाय स्टेटस’ या शब्दावर मात्र भाळू नका. तो दर्जा बहुधा एक्झिक्युटिव्ह कोर्सवाल्यांचा वेगळा असतो, दोन वर्षं कॅम्पसवर काढलेल्यांच्या बरोबरीचा नसतो. आणि नुसतं गूगल ॲड्स शिकायचं असेल तर दोन्हींची गरज नाही, गूगलच्या स्किलशॉपवर परीक्षेसकट फुकट होतं.

पैसे भरण्याआधी सर्टिफिकेटचा नमुना मागून घ्या. काही कोर्समध्ये हजेरी पुरेशी भरली पण परीक्षेत गुण कमी पडले, तर ‘कम्प्लीशन’ऐवजी ‘पार्टिसिपेशन’ छापून येतं. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बहुतेकदा तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज. तीन महिन्यांत कोर्स सोडलात तरी हप्ते चालूच राहू शकतात, म्हणून फी परतीचे नियम फोनवर नाही, ईमेलवर लेखी घ्या.