ऑस्करच्या आधीची साठ वर्षे : पेगी ॲशक्रॉफ्ट यांची कारकीर्द

२५ मार्च १९८५ रोजी लॉस एंजेलिस येथे ऑस्कर पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार ब्रिटनच्या पेगी ॲशक्रॉफ्ट यांना मिळाला. डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या चित्रपटातील मिसेस मूर यांच्या भूमिकेसाठी हा सन्मान होता. ॲशक्रॉफ्ट तेव्हा ७७ वर्षांच्या होत्या. त्यांचे जुने सहकारी, अभिनेते मायकेल रेडग्रेव्ह यांचे चारच दिवसांपूर्वी निधन झाले होते; ॲशक्रॉफ्ट समारंभाला गेल्या नाहीत आणि त्यांच्या वतीने अँजेला लॅन्सबरी यांनी पुरस्कार स्वीकारला. जगभरच्या चित्रपटरसिकांपैकी अनेकांना हे नाव नवे होते. लंडनच्या नाट्यरसिकांना मात्र ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ परिचित होते. ही तफावत योगायोगाने पडलेली नव्हती. ॲशक्रॉफ्ट यांनी आयुष्यभर केलेल्या एका निवडीचा तो परिणाम होता.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १९०७ रोजी लंडनलगतच्या क्रॉयडन येथे झाला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आई हौशी अभिनेत्री होती आणि एल्सी फोगर्टी यांच्याकडे तिने वाचिक अभिनयाचे धडे घेतले होते. फोगर्टी यांच्याच सेंट्रल स्कूल या नाट्यशाळेत वयाच्या सोळाव्या वर्षी ॲशक्रॉफ्ट दाखल झाल्या. तेथे लॉरेन्स ऑलिव्हिए त्यांचे सहाध्यायी होते. १९२६ मध्ये बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरमध्ये राल्फ रिचर्डसन यांच्यासमवेत त्यांनी व्यावसायिक पदार्पण केले.

१९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात ‘ऑथेल्लो’चे प्रयोग झाले, त्यात पॉल रोबसन ऑथेल्लो होते आणि ॲशक्रॉफ्ट डेस्डेमोना. कृष्णवर्णीय नटाने शेक्सपिअरचा हा नायक लंडनच्या मोठ्या रंगमंचावर उभा करणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती आणि त्याच्यासोबत काम केल्याबद्दल ॲशक्रॉफ्ट यांना द्वेषाने भरलेली पत्रे आली. रंगभूमीला समाजापासून वेगळे काढता येत नाही, ही त्यांची पुढच्या काळातली ठाम भूमिका या अनुभवाशी जोडली जाते, आणि ते योग्यच वाटते.

त्या काळात लंडनच्या वेस्ट एंडमधील रीत अशी होती की निर्माता एका नाटकापुरते नट जमवी, नाटक चालेल तितके दिवस चालवी आणि प्रयोग थांबले की सगळे आपापल्या वाटेने जात. ॲशक्रॉफ्ट यांना ही पद्धत रुचत नव्हती. एकत्र राहून, एकमेकांच्या सवयी ओळखून, एकाच हंगामात लहानमोठ्या भूमिका करणारी कायमची मंडळी असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९३२-३३ चा हंगाम त्यांनी लिलियन बेलिस चालवत असलेल्या लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरमध्ये काढला. १९३५ च्या गाजलेल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये जॉन गिलगुड आणि ऑलिव्हिए यांनी रोमिओ व मर्क्युशिओ या भूमिका आपसात अदलाबदल करून केल्या, ज्युलिएट मात्र प्रत्येक वेळी ॲशक्रॉफ्ट यांचीच होती. गिलगुड यांनी १९३७-३८ मध्ये क्वीन्स थिएटरात चार नाटकांचा हंगाम उभा केला, त्यातील चेखॉव्हच्या ‘थ्री सिस्टर्स’चे दिग्दर्शन फ्रान्सहून आलेल्या मिशेल सँ-दनी यांनी केले. ॲशक्रॉफ्ट त्यात इरिना होत्या आणि तिच्यावर प्रेम करणारा सरदारपुत्र रेडग्रेव्ह यांनी रंगवला होता.

या सगळ्यात चित्रपट कुठे होता? अगदी कडेला. १९३५ मध्येच हिचकॉक यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मध्ये त्यांनी स्कॉटिश शेतकऱ्याच्या दबलेल्या तरुण पत्नीची भूमिका केली. फरार नायकाला ती नवऱ्याचा कोट देते आणि त्या कोटाच्या खिशातील भजनांचे पुस्तक पुढे त्याला गोळीपासून वाचवते. काही मिनिटांचेच हे काम असले तरी चित्रपटातील सर्वांत हळवा भाग तोच आहे. त्यानंतरच्या काळात त्या पडद्यावर अधूनमधूनच दिसल्या.

१९५२ मध्ये टेरेन्स रॅटिगन यांच्या ‘द डीप ब्लू सी’तील हेस्टर आणि १९५४ मध्ये इब्सेनची हेडा गाब्लर या भूमिकांनी त्यांची ख्याती अधिकच वाढली. १९५६ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नुकत्याच सुरू झालेल्या इंग्लिश स्टेज कंपनीसाठी त्यांनी ब्रेख्तच्या नाटकात काम केले. प्रस्थापित नटीने नव्या, डळमळीत संस्थेच्या पाठीशी उभे राहावे, हे त्यांच्या बाबतीत वारंवार घडले.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग १९६० च्या सुमाराचा आहे. शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला भरणाऱ्या नाट्यमहोत्सवाचे रूपांतर दीर्घ मुदतीच्या करारांवर बांधलेल्या, लंडनमध्येही स्वतःचे थिएटर असलेल्या मंडळीत करण्याचा बेत तिशीही न गाठलेल्या पीटर हॉल यांनी मांडला. ॲशक्रॉफ्ट यांनी प्रारंभीच होकार दिला आणि त्यांच्या नावामुळे इतरांचा विश्वास बसला. त्यातून रॉयल शेक्सपिअर कंपनी उभी राहिली. १९६३ मध्ये हॉल आणि जॉन बार्टन यांनी शेक्सपिअरची चार ऐतिहासिक नाटके तीन प्रयोगांत बसवून ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ सादर केले. त्यात कोवळ्या वयात इंग्लंडला आलेल्या मार्गारेटपासून सर्वस्व गमावून शाप देत फिरणाऱ्या वृद्ध राणीपर्यंतचा सारा प्रवास पंचावन्न वर्षांच्या ॲशक्रॉफ्ट यांनी एकटीने पेलला. पकडलेल्या शत्रूच्या, यॉर्कच्या ड्यूकच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवून त्याच्याच मुलाच्या रक्तात भिजलेला रुमाल त्याला दाखवणारी मार्गारेट पाहताना क्रौर्य आणि वेदना वेगळ्या करता येत नाहीत. बीबीसीने या नाटकांचे चित्रीकरण करून १९६५ मध्ये ते दाखवले, म्हणून आज हे विधान स्वतः पाहून करता येते. ज्युलिएट किंवा हेडा यांच्याबाबत मात्र आपल्याला तत्कालीन परीक्षणांवरच विसंबावे लागते.

पुढे त्या नॅशनल थिएटरमध्येही खेळल्या. तेथे बेकेटच्या ‘हॅपी डेज’मधील, मातीच्या ढिगात कमरेपर्यंत पुरलेली विनी त्यांनी साकारली. १९८१-८२ मधील ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’ची काउंटेस ही त्यांची अखेरची रंगमंचीय भूमिका ठरली.

त्यानंतर आल्या त्या भारताशी निगडित दोन भूमिका. ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या ‘द ज्वेल इन द क्राउन’ या १९८४ मधील चौदा भागांच्या मालिकेत त्या बार्बी बॅचलर या निवृत्त मिशनरी शिक्षिका झाल्या. दुसरी भूमिका अर्थात ‘अ पॅसेज टु इंडिया’तील मिसेस मूर; लीन यांच्या या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण बंगळूर परिसरात झाले. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये देवास थोरली पाती या पवारांच्या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते आणि त्यांची कादंबरी १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. बार्बी आणि मिसेस मूर या दोघीही साम्राज्याच्या उतरणीवर श्रद्धा डळमळलेल्या वृद्ध इंग्रज स्त्रिया असल्या, तरी ॲशक्रॉफ्ट यांनी त्या एकसारख्या होऊ दिल्या नाहीत. बार्बी अखंड बोलते आणि तिच्या बडबडीतून एकाकीपण पाझरते. मिसेस मूर शब्द काटकसरीने वापरतात आणि गुहा पाहायला गेल्यावर तेथील प्रतिध्वनीने हादरल्यानंतर तर जवळजवळ मिटून जातात. माझ्या मते बार्बी ही अधिक अवघड आणि अधिक मोठी कामगिरी आहे, जरी ऑस्करचा पुतळा दुसरीने मिळवून दिला.

१९८९ मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘शीज बीन अवे’ या चित्रपटासाठी त्यांना जेराल्डिन जेम्स यांच्यासह अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आयुष्याची अनेक दशके मनोरुग्णालयात बंदिस्त राहिलेल्या स्त्रीची ही कथा दिग्दर्शित केली होती पीटर हॉल यांनी. जेम्स यादेखील ‘द ज्वेल इन द क्राउन’मधल्याच सहकारी होत्या. १४ जून १९९१ रोजी लंडनमध्ये ॲशक्रॉफ्ट यांचे निधन झाले.